डार्विनची एक ओळ आणि न जमलेली जोडी

पाळीव प्राणी आणि वनस्पतींमध्ये होणाऱ्या बदलांवर चार्ल्स डार्विनने १८६८ साली दोन खंडांचा ग्रंथ काढला. त्यातलं चौथं प्रकरण सशांचं आहे. ते मी तीनदा वाचलं, नोट्स काढल्या, सिनॉप्सिसमध्ये त्यावर दीड पान लिहिलं. तरीही त्यातली एक ओळ मी नीट वाचलेलीच नव्हती. हे लक्षात आलं ते घरी दुसरा ससा आणल्यावर.

घरी आधीची एक मादी होती, दोन वर्षांची, नसबंदी झालेली, हॉलच्या कोपऱ्यात राज्य करणारी. ती एकटी आहे म्हणून एक नर आणला आणि थेट तिच्यासमोर जमिनीवर ठेवला. मला वाटलं होतं, दोघं एकमेकांना हुंगतील आणि शेजारी बसतील. दहा सेकंदांत खोलीभर केस उडाले होते, नराच्या कानाला चावा बसला होता आणि मी मध्ये घातलेल्या हातावर ओरखडा. ‘भित्रा ससा’ ऐकत मोठं झालेल्या माणसाला हे दृश्य पचायला वेळ लागतो. डॉक्टरांनी कान पाहिला आणि म्हणाले, "तिच्या घरात नेऊन सोडलात, मग ती काय करणार?"

त्या रात्री डार्विनची ओळ आठवली.

आधी प्रसंग सांगते. मादेइराजवळ पोर्तो सांतो नावाचं छोटं बेट आहे. १४१८ किंवा १४१९ साली पोर्तुगीज दर्यावर्दी तिथे पोचले, तेव्हा जहाजावर एक मादी ससा होती आणि प्रवासातच तिला पिल्लं झाली होती. ती सगळी बेटावर सोडली. पुढे ससे इतके माजले की वस्ती टिकवणं अवघड झालं. सव्वाचारशेहून अधिक वर्षांनंतरचे त्यांचे वंशज डार्विनने तपासले. इंग्लंडच्या रानटी सशापेक्षा लांबीला कमी, वजनाला जवळजवळ निम्मे, पाठीवर तांबूस, आणि कानाच्या टोकांना व शेपटीला नेहमीचा काळा रंग नाही. १८६१ साली त्यातले दोन जिवंत ससे लंडनच्या प्राणिसंग्रहालयात आले. तिथले अधीक्षक अब्राहम बार्टलेट यांनी डार्विनला सांगितलं, की इतका बुजरा-रानटी प्राणी त्यांच्या हाताखाली कधीच आला नव्हता. हे दोघेही नर होते. बार्टलेटनी वेगवेगळ्या जातींच्या माद्या पुन्हा पुन्हा त्यांच्याजवळ ठेवून पाहिल्या, पण त्यांना या नरांची त्या माद्यांशी संगत जमवता आली नाही आणि प्रजननही घडवता आलं नाही.

माझ्या सिनॉप्सिसमध्ये मी या प्रसंगाचं काय केलं होतं? ‘पोर्तो सांतोच्या सशांचं इतर सशांशी प्रजनन होत नाही असं डार्विनने दाखवलं.’ बस, एका वाक्यात गुंडाळलं होतं.

घरच्या प्रकारानंतर मला एकदम साक्षात्कार झाल्यासारखं झालं. अरे, ही तर फसलेली ओळखपरेड! जागा कोणाची, वास कोणाचा, किती वेळ एकत्र ठेवलं, याचा विचार न करता दोन अनोळखी ससे समोरासमोर आणले तर ते भांडणारच. म्हणजे बार्टलेटना जमलं नाही ते प्राणी वेगळ्या जातीचे होते म्हणून नाही, तर पद्धत चुकली म्हणून. मी उत्साहात चार पानं लिहून काढली.

त्या चार पानांना आधार म्हणून मी ज्यांच्याकडे वळले ते संशोधन मात्र खरोखरच भारी आहे. १८५९ साली थॉमस ऑस्टिन या जमीनदाराने ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया प्रांतात, विंचेल्सीजवळच्या आपल्या इस्टेटीवर, शिकारीसाठी इंग्लंडहून ससे मागवले. दोन डझनांच्या आसपास. तिथून सुरू झालेली साथच म्हणायची, तिने त्या खंडाची शेती आणि कुरणं खाऊन टाकली. १९५०मध्ये मिक्सोमॅटोसिसचा विषाणू मुद्दाम सोडला गेला. सशांना मारायचं तर ससे राहतात कसे हे कळायला हवं, म्हणून सीएसआयआरओ या सरकारी संशोधन संस्थेने रानटी सशांच्या वसाहती कुंपणात ठेवून त्यांचं निरीक्षण सुरू केलं. तिथे रोमन मायकिटोविच या शास्त्रज्ञाने १९५०च्या दशकाच्या अखेरीपासून वर्षानुवर्षं सशांच्या समाजरचनेवर काम केलं. नरांची उतरंड वेगळी, माद्यांची वेगळी. हनुवटीखाली गंधग्रंथी असते आणि ससा ती दगडावर, काटकीवर, बिळाच्या तोंडावर घासून ‘हे माझं’ असं लिहून ठेवतो. वरच्या दर्जाच्या नराची ग्रंथी मोठी असते. पुढे १९७६च्या एका निबंधात मायकिटोविच आणि सहकाऱ्यांनी प्रयोगाने दाखवलं, की दोन ससे समोरासमोर आले तर ज्याच्या स्वतःच्या वासाने ती जागा भरलेली असते त्याचा आत्मविश्वास वाढतो आणि तो वरचढ ठरण्याची शक्यता जास्त असते.

आज कोणीही जाणकार तुम्हाला दोन ससे जुळवायला सांगतो तेव्हा याच गोष्टी सांगतो. दोघांची नसबंदी करा, मग हार्मोन उतरेपर्यंत काही आठवडे थांबा. पिंजरे शेजारी-शेजारी ठेवा, मध्ये चावा बसणार नाही इतकं अंतर ठेवून. गवत, लेंड्या, अंथरूण यांची अदलाबदल करा. पहिली भेट दोघांपैकी कोणीही कधी न गेलेल्या जागेत घ्या. आमच्याकडे ती जागा म्हणजे बाथरूम. या सल्ल्यातलं ‘परक्या जागेत भेट घ्या’ आणि मायकिटोविचचा प्रयोग यांचा थेट वंशवृक्ष मला सापडलेला नाही, त्यामुळे मी तो जोडणार नाही. पण सशांचा नायनाट करायला जमवलेलं ज्ञान आणि त्यांना एका पिंजऱ्यात सुखाने नांदवायला लागणारं ज्ञान एकच आहे, ही गोष्ट माझ्या डोक्यातून जात नाही.

तर चार पानं झाली. गाईडना दाखवली. त्यांनी वाचली, आणि एकच प्रश्न विचारला: "माद्या कुठे ठेवल्या होत्या?"

मी मूळ वाक्य पुन्हा काढलं. माद्या नरांजवळ ठेवल्या, असं तिथे आहे. नरांना माद्यांच्या पिंजऱ्यात नेलं नाही.

हे महत्त्वाचं का, तर ससेपालनातला हा अगदी प्राथमिक नियम आहे. जुगणीसाठी मादीला नराच्या खुराड्यात न्यायचं, उलट कधीच नाही. कारण मादी आपल्या जागेत आलेल्या नराला फाडून काढते. कुठलंही मराठी ससेपालन मार्गदर्शक उघडा, हे वाक्य मिळेल. राजस्थानात अविकानगरला केंद्रीय मेंढी व लोकर संशोधन संस्था आहे, तिथेही सशांवर काम चालतं. त्यांच्याच परंपरेतलं हे शेतकऱ्यांसाठीचं ज्ञान. म्हणजे माझ्या हॉलमध्ये जे झालं (नर मादीच्या राज्यात) ते बार्टलेटच्या पिंजऱ्यात झालेलंच नव्हतं. डार्विनच्या शब्दांवरून तरी बार्टलेटनी नियम पाळला होता. माझ्या चार पानांचा पाया एका क्रियापदाच्या दिशेवर उभा होता आणि ती दिशा मी उलटी धरली होती.

पेटची तयारी करणाऱ्यांनी इथे थोडं थांबावं. आपल्याला ‘पूर्वग्रह टाळा’ असं शिकवलं जातं आणि आपण समजतो की पूर्वग्रह म्हणजे जात, वर्ग, विचारसरणी वगैरे. स्वतःच्या हातावरचा ताजा ओरखडा हाही पूर्वग्रह असतो. तो जास्त घातक, कारण तो अनुभव असतो, आणि अनुभवाला आपण पुरावा समजतो. माझ्या अनुभवाने मला एक चांगला प्रश्न दिला, हे खरं. उत्तर द्यायचा त्याला अधिकार नव्हता.

प्रश्न मात्र उरतोच. नियम पाळूनही जमलं का नाही? शक्यता बऱ्याच आहेत. ते ससे विलक्षण बुजरे आणि नेहमीपेक्षा जास्त निशाचर होते, हे डार्विनच नोंदवतो. मग निरीक्षण दिवसा झालं की रात्री? दोन नसबंदी न झालेले नर एकत्र ठेवले होते की वेगळे? माद्या पाळीव जातींच्या, म्हणजे बहुधा त्यांच्याहून बऱ्याच मोठ्या. प्रत्येक वेळी किती वेळ ठेवल्या? यातलं एकही त्या ओळीत नाही. त्यामुळे ‘पद्धत चुकली’ हे जसं सिद्ध होत नाही तसंच ‘जातच वेगळी झाली’ हेही सिद्ध होत नाही.

आणि गंमत म्हणजे डार्विन तसं म्हणतही नाही! त्याचं म्हणणं तिरकस आहे. या सशांचा इतिहास ठाऊक नसता, तर बहुतेक निसर्गअभ्यासकांनी आकार आणि रंग पाहून त्यांना वेगळी जात ठरवलं असतं, आणि ते दुसऱ्या सशांशी जुळत नाहीत हे ऐकून त्यांची खात्रीच पटली असती. त्याच प्रकरणात तो हेही सांगतो, की त्या दोघांपैकी एक १८६५मध्ये मेल्यावर त्याच्याकडे आला, तेव्हा इंग्लंडच्या हवेत चार वर्षांहून कमी काळात त्याच्या कानांवर आणि शेपटीवर गडद रंग परत आलेला होता. घाईने शिक्का मारणाऱ्यांना तो चिमटा काढतोय, आणि मी त्याच घाईने त्याच्या नावावर शिक्का मारून मोकळी झाले होते.

खरा शिक्का मारला तो जर्मनीत अर्न्स्ट हेकेलने. त्याने या सशाला हक्स्लीच्या नावावरून ‘लेपस हक्स्लेयी’ असं नवं जातिनाम देऊन टाकलं आणि इतिहासकाळात नवी जात तयार झाल्याचं हे उदाहरण म्हणून मांडलं. ते टिकलं नाही. आज मादेइरा द्वीपसमूहातले ससे हे नैर्ऋत्य आयबेरियातल्या ‘अल्गिरुस’ या उपजातीचे मानले जातात. ही उपजात मुळातच लहान चणीची, आणि आपले सगळे पाळीव ससे दुसऱ्या, ‘क्युनिक्युलस’ उपजातीतून आलेले. म्हणजे बेटावर जाऊन ससे लहान झाले या समजाचा बराच भाग तिथेच गळतो, कारण डार्विनने ज्यांच्याशी तुलना केली ते त्यांचे सख्खे पूर्वज नव्हतेच. आणि स्पेन-पोर्तुगालच्या मध्यभागी जिथे या दोन उपजाती भेटतात तिथे त्यांचा संकर होतो.

आता त्या ओळीतल्या दोन क्रियापदांकडे वळू. डार्विन ‘संगत’ आणि ‘प्रजनन’ असे दोन वेगळे शब्द वापरतो. मी फक्त दुसरा उचलला होता. एकोणिसाव्या शतकाला, आणि मलाही, ससा म्हटलं की प्रजनन हाच प्रश्न सुचतो. खुराड्याची रचनाच तशी. एक नर, एक पेटी. एक मादी, एक पेटी. जुगणीपुरतं एकत्र, मग वेगळं. सशाचा इतिहास मांस, कातडी, लोकर आणि प्रदर्शनातली बक्षिसं यांच्या अंगाने लिहिला गेला. त्यात दोन सशांनी शेजारी पडून राहणं, एकमेकांचं डोकं चाटणं याला खातंच नाही. जे मोजलं जात नाही त्याची कागदपत्रं तयार होत नाहीत, आणि कागदपत्रं नसली की आपण म्हणतो, तसं काही नव्हतंच.

‘संगत’ हा प्रश्न स्वतंत्रपणे उभा राहायला जवळजवळ शंभर वर्षं लागली. १९६४मध्ये रोनाल्ड लॉक्लीचं सशांच्या खासगी आयुष्यावरचं पुस्तक आलं, वेल्समधल्या ऑरिल्टन इथे कुंपणात ठेवलेल्या सशांच्या निरीक्षणांवर आधारलेलं. पुढे रिचर्ड ॲडम्सने ‘वॉटरशिप डाउन’ लिहिताना त्याचाच आधार घेतला. १९८५मध्ये कॅलिफोर्नियात मॅरिनेल हॅरिमनचं घरात ससे पाळण्याचं पुस्तक आलं आणि १९८८मध्ये ‘हाउस रॅबिट सोसायटी’ स्थापन झाली. ससा अंगणातल्या पेटीतून घरात आला, तेव्हा कुठे त्याचा एकटेपणा माणसाच्या नजरेला पडला. नसबंदीचा प्रसारही याच काळातला. नसबंदी न झालेल्या माद्यांमध्ये वय वाढतं तसं गर्भाशयाच्या कर्करोगाचं प्रमाण खूप वाढतं, हे प्रयोगशाळांना १९३०च्या दशकापासून ठाऊक होतं. पण पेटीतल्या मादीला तेवढं वय गाठूच दिलं जात नसे, म्हणून ते ज्ञान प्रयोगशाळेतच राहिलं.

२००८मध्ये सीमन आणि सहकाऱ्यांनी प्रयोगशाळेतल्या माद्यांवर एक साधा, सुंदर प्रयोग प्रसिद्ध केला. दारावर वजन वाढवत न्यायचं आणि पाहायचं, की ससा कशासाठी किती जोर लावतो. दुसऱ्या सशाच्या सहवासासाठी त्या जवळजवळ अन्नाइतकाच जोर लावत होत्या. २०२०मध्ये बर्न आणि शील्ड्स यांनी इंग्लंडमधल्या एका आश्रयगृहातल्या सशांची पाहणी केली. थंडीत एकट्या सशांचं शरीराचं तापमान जोडीतल्या सशांपेक्षा कमी होतं, आणि पिंजऱ्याच्या गजांना चावत बसणं फक्त एकट्यांमध्ये दिसलं. इंग्लंडच्या २००६च्या प्राणी कल्याण कायद्यातली भाषा मात्र सावध आहे. प्राण्याला इतरांसोबत ‘किंवा’ इतरांपासून वेगळं ठेवण्याची त्याची गरज भागवली पाहिजे, असं तो म्हणतो. माझ्या हॉलमधली मादी पहिल्या दिवशी त्यातला दुसरा पर्याय अगदी स्पष्ट मागत होती.

मराठीत हे सगळं लिहिताना एक अडचण सतत येते, तीही सांगून टाकते. आपल्याकडे ‘ससा’ एकच. इंग्रजीत दोन शब्द आहेत आणि प्राणीही दोन वेगळे. आपल्या रानात, गोष्टीत आणि चंद्रावर आहे तो ससा बीळ खणत नाही, गवतात उघड्यावर बसतो आणि बहुतांशी एकटा राहतो. त्याला घरात आणून पाळणं आपल्याकडे कायद्याने गुन्हा आहे. दुकानातून येतो तो पाळीव ससा बिळांत कळपाने राहणाऱ्या युरोपीय प्राण्याचा वंशज. विल्यम काउपर या इंग्रज कवीने १७७४पासून तीन ससे घरात पाळले आणि १७८४मध्ये त्यांच्याबद्दल एका मासिकात पत्र लिहिलं. तिघंही नर. दिवसा एकाच दिवाणखान्यात खेळत, आणि रात्री प्रत्येक जण काउपरने स्वतः सुतारकाम करून बनवलेल्या आपापल्या कप्प्यात झोपायला जाई. दुसऱ्याच्या कप्प्यात कोणी घुसत नसे. माझ्या एका जुन्या टिपणात याला मी ‘घरातल्या सशांच्या सहजीवनाची सुरुवातीची नोंद’ म्हटलंय. ते तिघं पहिल्या प्रकारचे होते. मराठी टिपण काढताना फरक पुसला गेला आणि सहा महिन्यांनी मीच माझ्या टिपणाला फसले. आता वहीत ‘रानससा’ आणि ‘बिळससा’ असे दोन शब्द वापरते. दुसरा मी बनवलाय, कोणाला याहून चांगला सुचला तर सांगा.

अशा घसरणीचं याच विषयातलं सगळ्यात नामांकित उदाहरण म्हणजे पोप ग्रेगरीची गोष्ट. इ.स. ६००च्या सुमारास पोपने सशाची नवजात पिल्लं मांसात धरायची नाहीत असा निर्णय दिला, मग उपासाच्या दिवसांत खाता यावीत म्हणून फ्रेंच मठांतल्या साधूंनी ससे माणसाळवले, असं कितीतरी शास्त्रीय निबंधांत छापलं गेलं. २०१८मध्ये इर्व्हिंग-पीझ, लार्सन आणि सहकाऱ्यांनी मागोवा घेतला, तर असा आदेशच नाही. सापडला तो वेगळाच ग्रेगरी, तूरचा बिशप, आणि त्याच्या इतिहासग्रंथात उपासाच्या काळात सशाची पिल्लं खाणारा आणि पुढे मेलेला एक आजारी माणूस. माझं ‘डार्विनने दाखवलं’ हे वाक्य छापून आलं असतं तर त्याचंही हेच झालं असतं, फक्त लहान प्रमाणावर.

घरचं सांगायचं तर आमची जोडी जमायला सात आठवडे लागले. रोज बाथरूममध्ये आधी दहा मिनिटं, मग वीस. माझ्या हातात जाड टॉवेल. आधी पाठलाग, मग गोल गोल फिरणं, मग एकमेकांकडे पाठ करून बसणं. बाविसाव्या दिवशी मादीने डोकं खाली घालून नरापुढे केलं, आणि त्याने चाटलं नाही. ती चिडली, पण चावली नाही. आता दोघं एकाच टोपलीत झोपतात. गाडीत घालून हिंडवा, घाबरले की एकमेकांना बिलगतील, असाही सल्ला मिळाला होता. बिलगतात ते भीतीने, आणि आज बऱ्याच प्राणी-कल्याण संस्था हा प्रकार नको म्हणतात, म्हणून केलं नाही. लिहायला घेतलं तर या सात आठवड्यांच्या माझ्या नोंदी बार्टलेटच्या एका ओळीपेक्षा कितीतरी जास्त भरतील. म्हणून त्या ओळीत काय नाही ते मला आता दिसतं.

सिनॉप्सिसमधलं ते वाक्य मी बदललं. आता तिथे एवढंच आहे: १८६१ साली लंडनला आणलेल्या पोर्तो सांतोच्या दोन नरांची इतर जातींच्या माद्यांशी संगत आणि प्रजनन घडवता आलं नाही असं बार्टलेटच्या हवाल्याने डार्विन नोंदवतो; परिस्थितीचा तपशील देत नाही. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात रोजच्या घडामोडींच्या वह्या लिहिल्या जात, प्राणी आला, गेला, मेला याच्या. बार्टलेट आणि डार्विन यांचा पत्रव्यवहारही होता. तिथे मला शोधायचं आहे ते छोटं आहे. ते दोन नर एका पिंजऱ्यात होते का, आणि मादी आत सोडल्यावर तिला कोणी किती वेळाने बाहेर काढलं.